१६ बिटचं कार्ड, तरी दुपारी बीम ढिला : डॅकची स्पेसिफिकेशन वाचायची तरी कशी?

पॅनलवाला | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, एक प्रश्न तीन आठवडे डोकं खातोय म्हणून धागा काढलाय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझं काम पॅनल आणि ड्राइव्हचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात जुनं सायझिंग मशीन आहे, ताण्याच्या सुताला खळ लावून वाळवणारं. दिवाळीनंतर त्याच्या दोन मोटरी आम्ही नव्या ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या यंत्रावर, घेतल्या. एक मागे, खळीच्या कुंडाजवळ. एक पुढे, जिथे बीम, म्हणजे ताणा गुंडाळायचा रूळ, भरतो. पुढची मोटर मागचीपेक्षा सव्वा टक्क्याच्या आसपास जास्त पळवायची, म्हणजे ताणा खळीतून निघून वाफेच्या सिलिंडरवरून येताना तेवढाच ओढला जातो. यालाच ड्रॉ म्हणतात. दोन्ही ड्राइव्हना वेगाचा हुकूम ०-१० व्होल्टवर जातो आणि त्यासाठी दोन पॅनलमध्ये एकेक डॅक कार्ड बसवलंय (डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर : आकडा, म्हणजे कोड, दिला की त्या प्रमाणात व्होल्टेज देतो). विकणारा म्हणाला होता, १६ बिट आहे, डोळे झाकून लावा.

आता गंमत ऐका. सकाळी सातला सगळं झक्कास. दुपारी एक-दोनच्या सुमारास पुढचा ताणा ढिला पडतो, तारा लोंबतात, बीम मऊ भरतो. ऑपरेटर ड्रॉचा पॉट, म्हणजे तो कमीजास्त करायची खुंटी, जरा फिरवतो, काम चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉट तसाच राहिलेला असतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात तटातट तारा तुटतात. त्या बिचाऱ्याने आता पॉटशेजारी पत्र्यावर पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात. एकीवर लिहिलंय 'स', दुसरीवर 'दु'. मालक येतात, त्या रेघांवर बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत, ते जास्त लागतं.

१६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. १० व्होल्टला एक पायरी ०.१५ मिलिव्होल्टची. इतकं बारीक असताना चूक येते कुठून? विकणारा आता म्हणतो, १८ बिटचं घ्या. घेऊ का?

कडकभाकरी | मंगळवार, रात्री १०:५५

काय करूलालाव ओ अण्णा, घेऊ नका. डॅकमधलं मला काय बी कळत नाही, पण कुणी 'डोळे झाकून' म्हणालं की मी आधी पाकीट झाकतो.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री ११:३०

पॅनलवाले, १८ बिटचं घेऊ नका. निदान आज तरी नको.

नव्या पेठेत कापडाच्या दुकानात लाकडी मीटर असतो, तो डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर तुम्ही सेंटिमीटरऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा कोरल्या. खुणा वीसपट झाल्या. पण लाकूडच मुळात ९९ सेंटिमीटरचं असेल तर? गिऱ्हाईक दर मीटरला एक सेंटिमीटर कमीच घेऊन जाणार, खुणा कितीही बारीक असोत. बिट म्हणजे खुणा. लाकडाची लांबी म्हणजे रेफरन्स व्होल्टेज. डॅक स्वतः व्होल्टेज तयार करत नाही, हाती दिलेल्या रेफरन्सचे तुकडे करून देतो. रेफरन्स एक टक्का हलला की आउटपुट एक टक्का हलणार. मग ते ८ बिटचं असो की २४.

डेटाशीटमध्ये स्थिर चुकांचे चार आकडे बघायचे. कोड शून्य दिला तरी आउटपुट शून्यावर नसतं, तो ऑफसेट. शेवटच्या कोडला पूर्ण व्होल्टेज येत नाही, रेषेचा चढच कमीजास्त आहे, तो गेन एरर. हे दोन्ही कॅलिब्रेशन करून काढता येतात. रेषा मधेच पोटात वाकलेली असते, तो आयएनएल. आणि प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीइतकी उंच नसते, तो डीएनएल. हे शेवटचे दोन पॉट फिरवून जात नाहीत.

डीएनएल मी एकदा असा पाहिलाय की विसरणार नाही. १९८०च्या दशकात आम्ही पोरांकडून आर-टू-आरची शिडी, म्हणजे नुसत्या रेझिस्टरचा साधा डॅक, करून घेत असू. ८ बिट, ५ व्होल्ट, म्हणजे एक पायरी साधारण १९.५ मिलिव्होल्टची. बाजारात पाच टक्क्यांचे रेझिस्टर मिळत, तेच लावले. काउंटर एकेक वाढवत नेला. १२५, १२६, १२७, काटा नीट वर चढतोय. १२८ला काटा खाली आला. पोरांना वाटलं वायर सुटली. वायर जागेवर होती. १२७ म्हणजे वरचा एक बिट बंद आणि खालचे सातही चालू. १२८ म्हणजे नेमकं उलटं. एका क्षणात सगळे खाली बसतात आणि एकटा वरचा उभा राहतो. त्या एकट्याच्या रेझिस्टरमध्ये खोट असेल तर तो सात जणांची बेरीज भरून काढू शकत नाही. पायरी वर जायच्या ऐवजी खाली. अशा डॅकला मोनोटोनिक नाही म्हणतात. क्लोज्ड लूपमध्ये हा प्रकार फार घातक. कंट्रोलर म्हणतो वाढव, डॅक कमी करतो, कंट्रोलर आणखी वाढव म्हणतो, आणि यंत्र तिथल्या तिथे डुलत बसतं. डेटाशीटवर 'मोनोटोनिकची हमी' असं लिहिलेलं असेल तर ती ओळ बिटच्या आकड्यापेक्षा मोलाची समजा.

तुमचा त्रास मात्र तो दिसत नाही. तुमचा त्रास घड्याळ बघून येतो. घड्याळ बघून येणारी चूक बहुधा तापमानाची असते. म्हणून तीन गोष्टी सांगा : कार्डावर रेफरन्सची वेगळी चिप आहे का, ५ व्होल्ट कुठून येतात, आणि पुढचं पॅनल दुपारी किती तापतं.

स्लिप_आणि_टॉर्क | बुधवार, सकाळी ८:०५

मास्तरांचं बरोबर आहे, पण डॅकला फाशी देण्याआधी मोटरकडे बघा. चार पोलची मोटर १५०० ऐवजी १४४० ला फिरते, म्हणजे चार टक्के स्लिप. लोड बदललं की स्लिप बदलते. तुम्ही सव्वा टक्क्याच्या ड्रॉवर भांडताय आणि मोटर चार टक्के खाऊन बसलीय! मोटरचा खरा वेग मोजणारा एन्कोडर आहे का? नसेल तर हा धागा चुकीच्या दिशेला चाललाय.

दुसरं, ड्राइव्हचा अ‍ॅनालॉग इनपुट किती बिटचा आहे? बऱ्याच ड्राइव्हना तो १० ते १२ बिटचाच असतो. समोरचा १२ बिटनेच मोजणार असेल तर तुमच्या १६मधले खालचे चार कुणी ऐकतच नाही.

पॅनलवाला | बुधवार, दुपारी ३:२०

स्लिपवाले, दोन्ही मोटरींना एन्कोडर आहेत, ड्राइव्ह वेक्टर मोडमध्ये. वेग हुकमाप्रमाणेच पाळला जातो. शंका नको म्हणून आज भर दुपारी कार्ड सोडवलं आणि कॅलिब्रेटरने सरळ ड्राइव्हला ५.००० दिले. डिस्प्लेवर २५.०० हर्ट्झ, अर्धा तास ढिम्म हलला नाही. म्हणजे ड्राइव्ह सुटला. इनपुट १२ बिट आहे, मॅन्युअलमध्ये सापडलं. ते चार बिट वाया गेलेत हे कबूल.

मास्तर, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिताना मलाच लाज वाटतेय. कार्ड भिंगाखाली घेतलं. रेफरन्सची चिप नाही. डॅकची रेफरन्स पिन तांब्याच्या पट्टीने सरळ ५ व्होल्टच्या लाइनला जोडलीय. ५ व्होल्ट येतात ७८०५ या साध्या व्होल्टेज रेग्युलेटरमधून, त्याला नखाएवढं हीटसिंक. पुढे एक ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, ०-५ चे ०-१० करतो. आणि पुढचं पॅनल वाफेच्या सिलिंडरपासून चार हातांवर. सकाळी आत २८°, आज दुपारी ५७°. मागचं पॅनल पंख्याखाली, ३६च्या वर जात नाही.

निवृत्त_मास्तर | बुधवार, संध्याकाळी ६:१०

सापडला.

७८०५ हा चांगला माणूस आहे, पण त्याचं काम सर्किटला वीज देणं. त्याच्या हातात मोजपट्टी द्यायची नसते. त्याचं आउटपुट अंशाला साधारण एक मिलिव्होल्ट खाली सरकतं. तुमच्याकडे २९ अंशांचा फरक, म्हणजे पाचात ३० मिलिव्होल्टच्या आसपास. सहा दशांश टक्का. तुमचा सगळा ड्रॉच सव्वा टक्का आहे! निम्मा तिथेच गेला.

पण ही नुसती आकडेमोड झाली. मोजून दाखवा. कोड अर्ध्यावर ठेवा, सकाळी आणि दुपारी दोन जागी मोजा : ५ व्होल्टची लाइन आणि कार्डाचं आउटपुट. एक सावधगिरी. मल्टिमीटरची अचूकता कंपन्या साधारण २३ अंश, पाच वर-खाली, एवढ्यापुरतीच कबूल करतात. एप्रिलातल्या सोलापुरात शेडमध्ये मीटर ठेवलात तर कोण हललं, कार्ड की मीटर, हे ब्रह्मदेव सांगेल.

आवाज_मोकळा | बुधवार, रात्री ९:१५

धागा वाचतोय, निम्मा कळला. माझा प्रश्न गाण्याचा आहे, इथेच विचारतो. आमच्या भजनी मंडळासाठी रेकॉर्डिंग वाजवायला एक छोटा डॅक बोर्ड बघतोय, पीसीएम ५१०२ए चिपचा. जाहिरातीत '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ' लिहिलंय. सीडी १६ बिटची. म्हणजे हा दुप्पट चांगला का?

ओहमकार | बुधवार, रात्री १०:०२

दुप्पट नाही हो. ३२ बिट म्हणजे तो ३२ बिटचे आकडे आत घेतो. बाहेर काय येतं ते बघायला वेगळा आकडा लागतो.

हिशेब सोपा आहे. आदर्श डॅकचं सिग्नल-टू-नॉइज (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती मोठा) म्हणजे बिट गुणिले ६.०२, अधिक १.७६. १६ बिटला ९८ डेसिबल, २४ बिटला १४६. हाच हिशेब उलटा लावा. या चिपच्या डेटाशीटमध्ये डायनॅमिक रेंज ११२ डेसिबल दिलीय. त्यातून १.७६ वजा, भागिले ६.०२, आले १८.३ बिट. ३२ गेले कुठे? आता त्याच पानावर खाली बघा, टीएचडी अधिक नॉइज उणे ९३ डेसिबल. हा आकडा आवाज जवळपास पूर्ण असतानाचा, म्हणजे गोंगाटात विकृतीही धरलेली. त्याचे झाले १५.२ बिट. याला एफेक्टिव्ह बिट म्हणतात, ईएनओबी. चिप वाईट नाही बरं का, त्या किमतीत मला ती आवडते. जाहिरात वाईट आहे.

शिवाय ११२चा आकडा ए-वेटिंग लावून असतो, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे-वरचे सूर मोजताना हलके धरतात. त्याने आकडा सजतो. एका डेटाशीटचा ए-वेटिंगचा आकडा दुसरीच्या साध्या आकड्याशी लावू नका.

आणि ३२ बिट कुणालाच का जमत नाहीत तेही सांगतो, कारण हे मला स्वतःला भारी वाटतं. २ व्होल्ट आरएमएसच्या आउटपुटला २४ बिटची एक पायरी येते ०.३४ मायक्रोव्होल्टची. आता एक किलोओहमचा साधा रेझिस्टर घ्या, टेबलावर ठेवा, काहीही जोडू नका. खोलीच्या तापमानाला त्याच्या टोकांवर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ०.५७ मायक्रोव्होल्टची खरखर असतेच. इलेक्ट्रॉनच्या हालचालीची. म्हणजे शेवटचा बिट एका मुक्या रेझिस्टरच्या श्वासात बुडतो. ३२ बिटचा तर प्रश्नच नाही.

उलट गोष्टही आहे. फिलिप्सने आपल्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये टीडीए १५४० नावाचा १४ बिटचाच डॅक घातला होता. चौपट ओव्हरसॅम्पलिंग केलं, म्हणजे सेकंदाला चौपट नमुने काढले, गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलला, आणि १६ बिटच्या तोडीचं काम काढलं. सोनीच्या १९८२च्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटचा होता. कमी बिटवाला काही हरला नाही.

आवाज_मोकळा | बुधवार, रात्री १०:२०

रेझिस्टर श्वास घेतो हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, तुमच्या पेटीचा भाता फाटलाय तो आधी बघा.

संपादक_३ | बुधवार, रात्री १०:३१

ऑडिओसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. पेटीच्या भात्यासाठीही.

शेंगाचटणी_२००४ | गुरुवार, सकाळी ११:४५

सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये एमसीपी ४७२५ हा डॅक वापरलाय, १२ बिट, ५ व्होल्ट लॅपटॉपच्या यूएसबीमधून. त्याच लॅपटॉपला मोबाइल चार्जिंगला लावला की आउटपुट पडतं! गाइड म्हणतात कोड चुकलाय. कोड चार वेळा तपासला. आणि आयएनएलसमोर दोन आकडे आहेत, ±२ आणि ±१४.५. व्हायवात कोणता सांगू?

निवृत्त_मास्तर | गुरुवार, दुपारी १२:३०

बाळा, कोड बरोबर असणार. एमसीपी ४७२५ ला वेगळी रेफरन्स पिनच नाही, पुरवठ्याचं व्होल्टेज हाच त्याचा रेफरन्स. मोबाइल लावला, यूएसबीचं व्होल्टेज किंचित बसलं, मोजपट्टी आखडली. पॅनलवाल्यांच्या कार्डात हीच चूक कुणीतरी मुद्दाम केली, तुझ्या चिपमध्ये ती रचनेतच आहे. तिचा दोष नाही, स्वस्त आणि लहान राहावी म्हणून तशी केलीय. तिला स्थिर पुरवठा देणं आपलं काम. गाइडना हे नम्रपणे सांग. मीटर पुरवठ्यावर लावून दाखवलंस तर बोलावंही लागणार नाही.

आता दोन आकडे. ±२ हा 'टिपिकल', म्हणजे साधारणपणे असं असतं. ±१४.५ हा 'मॅक्सिमम', म्हणजे याहून वाईट नसेल अशी कंपनीची जबान. लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार 'साधारण' किती आणि स्लिपवर किती, तेवढाच फरक. डिझाइन करताना मॅक्सिममचा रकाना धरायचा. साडेचौदा पायऱ्या म्हणजे ५ व्होल्टला १७.७ मिलिव्होल्ट. तुझ्या प्रोजेक्टला तेवढी चूक चालते का, एवढंच ठरव. चालत असेल तर १२ बिटचा डॅक साडेचौदा पायऱ्या चुकला तरी तू पास.

आणि हेही बघ : त्याच चिपचा डीएनएल जास्तीत जास्त पाऊण पायरीचा आहे. म्हणजे रेषा पोटात वाकते पण कुठेही मागे फिरत नाही, मोनोटोनिक राहते. आमच्या प्रयोगशाळेत ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटसोबत डॅक ०८०८ असायचा, ८ बिटचा. त्याची चूक जास्तीत जास्त ०.१९ टक्के. ८ बिटच्या अर्ध्या पायरीएवढी! म्हणजे आठच बिट, पण आठही खरे. बिट कमी असलेला प्रामाणिक असू शकतो.

डॅकच्या चाचण्या कशा करायच्या आणि कोणत्या शब्दाचा अर्थ काय, याचं आयईईईचं मानक आहे, क्रमांक १६५८, पहिल्यांदा २०११ साली आलेलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळतं का बघ.

पॅनलवाला | शुक्रवार, रात्री ९:५०

मोजलं. आधी मीटरची सोय सांगतो. साडेचार अंकी मीटर मालकांच्या एसी केबिनमध्ये टेबलावर ठेवला आणि तिथून पुढच्या पॅनलपर्यंत शिल्डेड वायर ओढली. मालक विचारत होते, बॉम्ब लावताय का.

सकाळी ७ : ५ व्होल्टची लाइन ५.०१२, कार्डाचं आउटपुट ५.०१०.
दुपारी २:३० : लाइन ४.९८१, आउटपुट ४.९७७.

लाइन ३१ मिलिव्होल्ट पडली, आउटपुट ३३. मास्तरांनी ३० सांगितलं होते! १६ बिटच्या पायरीत मांडलं तर ३३ मिलिव्होल्ट म्हणजे २१६ पायऱ्या. १८ बिटचं घेतलं असतं तर याच चुकीच्या आठशे साठ-पासष्ट पायऱ्या झाल्या असत्या. चूक तेवढीच, नुसती जास्त बारीक मोजलेली.

मागचं कार्ड दिवसभरात ८ मिलिव्होल्टच हललं. म्हणजे पुढचं जास्त पडतं, मागचं कमी, आणि ड्रॉ सव्वा टक्क्यावरून पाऊण टक्क्यावर येतो. पेन्सिलीच्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे दोन ७८०५ मधला फरक, बाकी काही नाही.

आता कार्ड नवं करतोय. रेफरन्सची चांगली चिप टाकतो दोन्ही कार्डांवर. कोणती घेऊ?

मिलिव्होल्टताई | शुक्रवार, रात्री १०:३५

मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे, हा धागा गुपचूप वाचत होते. दोन मुद्दे.

एक, लाइन ०.६२ टक्के पडली आणि आउटपुट ०.६६ टक्के. मधले ०.०४ टक्के रेफरन्सच्या माथी मारू नका. ते बहुधा ऑप-अँपच्या दोन रेझिस्टरचे आहेत. साधे मेटल फिल्म अंशाला १०० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांनी, हलतात. दोघं एकाच दिशेने हलले तर बिघडत नाही, उलट दिशांना गेले तर तुमच्या २९ अंशांत पाव टक्क्याहून जास्त जाऊ शकतात. तुमचं नशीब चांगलं होतं. रेफरन्सवर पैसे घालून हे रेझिस्टर तसेच ठेवलेत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा धागा काढाल. ०.१ टक्क्याचे, २५ पीपीएमचे घ्या.

दोन, आणि हा मोठा. तुम्हाला ५.००० व्होल्ट कशाला हवेत? तुम्हाला पुढच्या-मागच्या मोटरीचं गुणोत्तर हवंय. दोन कार्डांवर दोन चांगल्या रेफरन्स चिप टाकल्या तरी त्या दोन वेगळ्या पॅनलमध्ये, दोन वेगळ्या तापमानांत, आपापल्या मर्जीने सरकणार. एकाच चिपमध्ये दोन डॅक असलेला घ्या. एमसीपी ४९२२ मध्ये दोन चॅनल आहेत आणि दोघांच्या रेफरन्स पिना बाहेर काढलेल्या आहेत. दोन्ही एकाच रेफरन्सला बांधा. मग रेफरन्स हलला तरी दोघं सोबत हलतील, गुणोत्तर जागेवर. आणि ते कार्ड मागच्या थंड पॅनलमध्ये ठेवा.

स्लिप_आणि_टॉर्क | शुक्रवार, रात्री १०:५०

ताई, हे आवडलं. पण एमसीपी ४९२२ १२ बिटचा आहे.

मिलिव्होल्टताई | शुक्रवार, रात्री १०:५८

हो. ड्राइव्हचा इनपुटही १२ बिटचाच आहे ना? १० व्होल्टला एक पायरी २.४४ मिलिव्होल्ट, २५ हर्ट्झवर चालताना साधारण ०.०५ टक्का. सव्वा टक्क्याच्या ड्रॉमध्ये पंचवीस पायऱ्या मिळतात. ऑपरेटरच्या अंगठ्याला याहून बारीक लागत नाही. सेटलिंग टाइम, ग्लिच वगैरेकडे या कामात बघूही नका. ती गोष्ट मायक्रोसेकंदांची, आणि तुमची मोटर वेग बदलायला सेकंद घेते.

ओहमकार | शनिवार, सकाळी ७:४०

एकच कार्ड मागे ठेवलं तर पुढच्या ड्राइव्हपर्यंत ०-१० व्होल्ट घेऊन जावे लागतील. किती लांब? शेडमध्ये कॉन्टॅक्टर पडतात-उचलतात, दोन पॅनलच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. सिग्नल आयसोलेटर लावा म्हणेन, पण त्याचीही डेटाशीट वाचा, त्यालाही अंशाला अमुक पीपीएम असतोच. नाहीतर दारातून हाकललेला खिडकीतून आत.

पॅनलवाला | शनिवार, सकाळी ८:१५

नऊ मीटर. ड्राइव्हचा इनपुट डिफरन्शियल आहे, शिल्डेड पिळाची जोडी टाकतो, शिल्ड एकाच टोकाला अर्थ. आयसोलेटर नको. रेफरन्सची चिप आरईएफ ५०५० घेतोय, साध्या ग्रेडचा, अंशाला जास्तीत जास्त ८ पीपीएम. मागच्या पॅनलला तेवढा पुष्कळ.

पॅनलवाला | बारा दिवसांनी, रात्री १०:०५

उशीर झाला, लोक विचारत होते. कार्ड पुण्याहून करून घेतलं, गेल्या शुक्रवारी बसवलं. मीटर पुन्हा मालकांच्या टेबलावर. दोन्ही चॅनल अर्ध्या कोडवर :

सकाळी ७ : पुढे ५.००३, मागे ५.००१.
दुपारी २:३०, बाहेर ४२°, पुढचं पॅनल ५८° : पुढे ५.००२, मागे ५.०००.

एक मिलिव्होल्ट हलले, दोघं हातात हात घालून. पुढचं पॅनल तापलंय तितकंच तापलंय, पण आता त्यात मोजपट्टीच नाही. एन्कोडरवरून ड्रॉ सकाळी १.२१ टक्के, दुपारी १.१८. पाच दिवस पॉटला कुणी हात लावलेला नाही. लावलेला नाही म्हणजे, पहिल्या दुपारी ऑपरेटरने सवयीने 'दु'वर नेला होता आणि तारा तुटल्या. आता त्याने तीच रेघ थुंकीने पुसलीय. 'स' ठेवलीय.

शेंगाचटणी, तुझी व्हायवा कशी झाली?

शेंगाचटणी_२००४ | त्याच रात्री १०:४०

मीटर सप्लायवर लावून मोबाइल जोडला सर. एक्स्टर्नल सर म्हणाले पुन्हा काढून लाव. तीनदा करायला लावलं. गाइड काही बोलले नाहीत.

कडकभाकरी | त्याच रात्री १०:४४

आणि मालक काय म्हणाले ओ?

पॅनलवाला | त्याच रात्री १०:५२

विचारलं, नवीन कार्ड किती बिटचं. म्हटलं, १२. म्हणाले, मग बिल चार बिटनी कमी करा.